काठाला लागलेला दिवा

आषाढातल्या सप्तमीला तापीमाईचा जन्मदिवस असतो. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही बायका घाटावर जाऊन दिवा सोडतो. केळीच्या खोडाचं सोपट होडीसारखं असतं. त्यात कणकेचा दिवा ठेवायचा, हळदीकुंकू वाहायचं, आणि ज्याच्यासाठी सोडायचा त्याला मनात आणून पाण्यावर ठेवायचा. दिवा नजरेआड गेला तर त्या माणसाचं काम होतं. काठाला परत लागला तर गेलेलं माणूस काम टाकून घरी येतं. अशा दिव्याला हात लावायचा नाही. शेजारच्या पाण्याला हात द्यायचा, म्हणजे तो पुढे जातो.

या वर्षी मी मुलीसाठी दिवा सोडला. ती रशियात डॉक्टरकी शिकते.

सप्तमीच्या थोडं आधी तिनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. तिथं ऐन उन्हाळ्यात नदीचा सण असतो. काठावर जाळ केलेला, मुलींच्या डोक्यावर रानफुलांची गोल कडी. मग त्याच कड्यांत मेणबत्ती लावून ती पाण्यात सोडतात. तिच्या होस्टेलात स्वयंपाक करणारी बाई तिला म्हणाली होती, हा सण होईपर्यंत नदीत उतरू नको, पाण्यातली बाई ओढून नेते. मला ते ऐकून बरं वाटलं. आमच्याकडेही तापीची ओटी भरल्याशिवाय नव्या पाण्यात पाय घालत नाहीत. एवढ्या लांब तिला कोणीतरी आपल्यासारखं दटावतंय, असं वाटलं.

"तुझं कडं कुठवर गेलं?" मी फोनवर विचारलं.

"किनाऱ्यालाच अटकलं, मम्मी. इथल्या मुली म्हणतात, अटकलं तर साल पण तसंच अटकतं. शादी नाही, काही नाही."

"बरंच झालं. आधी शिक."

ती हसली. हसता हसताच तिचा आवाज बदलला. "मम्मी, माझ्याकडून नाही होत इथं. मला घरी यायचंय. तू पप्पांना सांग ना. मी बोलले की ते फोन ठेवून देतात."

सांगते, म्हणाले. यांच्यासमोर मला आधीच शब्द सापडत नाहीत. जेवायला वाढताना कसंबसं म्हटलं, "पोरगी फार कंटाळली आहे तिकडे."

"कंटाळतात सगळेच," हे म्हणाले. "अर्ध्यावर आणली तर मंडीत काय सांगू लोकांना? भाजीत मीठ कमी आहे."

मी उठून मीठ आणलं. विषय तिथंच राहिला.

सप्तमीला नणंद बरोबर होती. पाणी गढूळ होतं, वरच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं. मी सोपट हातात धरून वाकले, पण काय मागावं ते ठरेना. दिवा जावा म्हटलं तर पोरगी तिथं रडत राहील. परत यावा म्हटलं तर यांना आणि तिलाही लोक जगू देणार नाहीत.

"वहिनी, किती वेळ मागताय?" नणंद म्हणाली. "माईला अर्ज लिहून द्यायचाय का?"

काही न मागताच मी दिवा सोडला. तो थोडा पुढे गेला, भोवऱ्यात फिरला आणि माझ्याच पायरीला येऊन लागला.

"बघा, परत आला. पाण्याला हात द्या लवकर. नाहीतर येईल घरी अर्धी डॉक्टर होऊन. मग ताप पण अर्धाच उतरवेल."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही थोडी हसले. हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. तिचं कडं अडकलं तेव्हा तिनं ते पुढे ढकललं का, हे मी तिला विचारलंच नव्हतं. दिवा माझ्या बोटांजवळ हलत होता. वात चांगली जळत होती. नणंद पुन्हा काही म्हणाली, पण माझा हात हलेना.

तेवढ्यात या काठापासून त्या काठापर्यंत माईला लांब चुनरी नेसवणाऱ्यांची नाव घाटाजवळून गेली. तिची लाट आली आणि दिवा उचलून घेऊन गेली. नावेच्या मागे तो दिसेनासा झाला.

"गेला एकदाचा. झालं तुमचं काम," नणंद म्हणाली आणि तिनं मला हाताला धरून उठवलं.

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. हे बाजूलाच टीव्ही बघत बसले होते.

"मम्मी, माझा दिवा कुठवर गेला?"

"काठाला लागला होता," मी हळूच म्हणाले. "तुझ्यासारखाच."

ती म्हणाली, "तू ढकलला?"

"नाही."

"मग?"

"मग नावेची लाट आली."

यांनी टीव्हीवरून मान वळवली. "काय लागलं काठाला?"

"दिवा," मी म्हणाले. मला पुढचं बोलायचं होतं. तोंडही उघडलं होतं. यांनी मान परत टीव्हीकडे वळवली.

फोनमध्ये तिनं पप्पांचा प्रश्न आणि माझं एवढंच उत्तर ऐकलं असणार. ती म्हणाली, "ठीक आहे, मम्मी. ठेवते. सकाळी क्लास आहे."