बंदराच्या चित्रातला गलका

भुताखेतांवर माझा विश्वास कधी नव्हता. आज ऐंशी ओलांडली, तरी नाही. हे लिहितेय ते भीतीपोटी नव्हे... रागापोटी.

पन्नासच्या दशकाची अखेर. मी आर्वीला मामांकडे शिकायला होते. मामा जिनिंग फॅक्टरीत हेडक्लार्क. तिथला गोरा मॅनेजर विलायतेला परतला, तेव्हा त्याच्या बंगल्यातलं एक मोठं तैलचित्र मामांनी आणून बैठकीत टांगलं. सोनेरी वेलबुट्टीची फ्रेम, गुलाबी ढग, शिडांची जहाजं, गजबजलेला धक्का, फुगीर झग्यातल्या बायका, हमाल, पिंपं. या शैलीला रोकोको म्हणतात, हे मला पुढे कॉलेजात कळलं. समुद्र तोवर आमच्या घरात कोणीच पाहिला नव्हता.

थोड्याच दिवसांत मामी म्हणायला लागली, "त्या फोटूतून गलका येते. मानसं वरडून राह्यले. दोर करकरते."

मामा आधी हसले, मग चिडले, मग त्यांनी मांत्रिक आणला. त्याने मामीला अंगणात, शेजाऱ्यांसमोर, कडुलिंबाच्या फोकाने मारलं. मामा खुर्चीत बसून होते. शेवटी डोकं फिरलं म्हणून तिला समुद्रपूरला माहेरी पोचवून आले.

त्यानंतर एका दुपारी मी बैठकीत अभ्यास करत होते आणि मला गलका ऐकू आला. बाजारातला असेल म्हणून खिडकी लावली, तर तो वाढलाच. चित्राला कान लावला – लाटा, हाका, न कळणारी भाषा. हात लावला तर तळवा ओला. जिभेला लावून पाहिला... खारट. ऐन मे महिना, भिंत ठणठणीत कोरडी.

मामा घरी येताच सांगितलं. ते जोडे काढत होते. मान वर न करता म्हणाले, "मलेबी येते. पयल्या दिवसापासून."

"मंग मामीले येडी काऊन ठरवलं?"

"मी हो म्हणलो असतो, तं लोकाईनं मलेच येडं म्हणलं असतं."

"तो मांत्रिक तिले मारून राह्यलता, तवाबी आवाज येत होता?"

"तवा तं लय जोरात."

दुसऱ्या दिवशी मी बसने एकटीच समुद्रपूरला गेले. मामी ओट्यावर तूर पाखडत होती. सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"त्याईलेबी आयकू येत होतं?"

"हो."

"मंग मी आता त्या घरी येत नाई."

मामा न्यायला गेले, तर ती दाराशीसुद्धा आली नाही. कपडे शिवून माहेरीच राहिली, शेवटपर्यंत.

पुढे मामा वारले, तेव्हा आम्ही ते चित्र उतरवलं. मागे ना ओल, ना नळ. एका जाणकाराला दाखवलं. तो म्हणाला, साधा कॅनव्हास, जुना रंग. आवाज नंतर कोणालाच आला नाही. तो कुठून येत होता, हे मला आजही सांगता येत नाही.

पण मामांच्या तेरवीला मी भर पंगतीत उभी राहिले आणि सगळ्यांना विचारलं – स्वतःला ऐकू येत असताना या माणसाने बायकोला मार कसा खाऊ दिला?

वाढपी भाजी घेऊन पुढे सरकला आणि पंगत जेवत राहिली.