सोडलेल्या जागेवरची काडी

आज सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका गोळा करताना एका मुलीच्या बोटांना टमाटरच्या पानांचा तो उग्र, हिरवा वास आला आणि मी थेट वांकिडीजवळच्या आमच्या मळ्यात पोचले.

शिक्षकभरतीचा पेपर देऊन मी आदिलाबादहून परतले होते. आई सरीत टमाटरची रोपं लावत होती. बांधावर बसून मी चिडचिड करत सांगत होते. बारावा प्रश्न अवघड म्हणून सोडला, तेराव्याचं उत्तर बाराव्याच्या गोलात रंगवलं आणि तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली. शेवटी एक ओळ कोरी उरली तेव्हा कळलं. पेनाची शाई, खोडता येईना. शाळा न पाहिलेल्या आईला यातलं काय कळणार, असंही मनात होतंच.

तिनं सरीतल्या रिकाम्या जागेत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी काडी रोवली.

"जागा सुटली का आमी अशी काडी लावतो," ती म्हणाली. "मंग मागून भरता येते, अन् पुढचं बी चुकत नाई. तू काऊन नाई लावली?"

पुढच्या वेळी सोडलेल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी मी प्रश्नपत्रिकेवर एक उभी रेघ मारली. तीच रेघ आता वर्गात शिकवते.

पण आज त्या वासासोबत आईचा डावा हातही आठवला. त्यात मुळांना सरीतली ओली माती लागलेलं एक रोप होतं. सरीत रिकामी जागा नव्हतीच. एकेक रोप जपणाऱ्या माझ्या आईनं मला समजवायला नुकतंच लावलेलं रोप उपटलं होतं.