एक मीटर, सगळं वठार

विजेचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. साठ सालच्या आसपास बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये आम्ही वठारात, म्हणजे एकाच मालकाच्या खोल्यांच्या रांगेत राहायचो, तेव्हा ते आपोआप साठत गेले. सगळ्यांना मिळून मीटर एक, आणि वीज भाड्यातच धरलेली. त्यामुळे मीटरची चकती जोरात फिरली की मालक रामाण्णा वठारभर फिरत.

इस्त्री आणि हीटरला सक्त बंदी. "कुणाकडे सापडलं तर सगळ्यांच्या वायरी कापीन," ही त्यांची रोजची आरती. माझी बायको मालती संध्याकाळी दिव्याखाली पोलकी शिवायची, म्हणून तर आमचा महिना कसाबसा सरायचा. दिवा गेला असता तर आम्ही मेलोच होतो.

*

तो दिवाही अर्धाच आमचा. मधली भिंत छतापर्यंत नव्हती. मालकांनी तिच्यावर एकच बल्ब टांगून दोन घरं उजळली होती. बटण मात्र शेजारच्या तुळसाक्कांकडे. त्यांची माणसं शहाजी राजांबरोबर इकडे आलेली, त्यामुळे रुबाब मोठा. मालती रोज त्यांना वाटीभर आमटी द्यायची.

एकदा आमटीत मीठ जास्त पडलं. त्या दिवशी आमच्याकडे साडेसातलाच अंधार!

*

स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर. ती एकदा पेटली की भुसा संपेपर्यंत विझवता येत नाही, आणि विस्तव फुकट घालवणं तुळसाक्कांना पाप वाटे. एकदा माझे साहेब येलहंक्याहून पाच मिनिटांसाठी आले. साहेब उठायला लागले की भिंतीपलीकडून आवाज येई, "बसा हो, शेगडी अजून अर्धी आहे. आणखी स्वल्प कॉफी घ्या."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांचे डोळे जागरणाने तांबारलेले होते.

*

रामाण्णांचा उपदेश मात्र ऐकण्यासारखा असे. "आमच्या मंडळींकडून शिका. चार करवंट्यांत हंडाभर पाणी कढत! धुराड्यातून धूरसुद्धा दिसत नाही."

आम्ही वर, त्यांच्या माडीकडे पाहायचो. खरंच दिसत नसे.

*

मग एक दिवस बिल फुगून आलं. रोज सकाळी चकती गरगर फिरते, हे रामाण्णांनी हेरलं. खोल्यांची झडती झाली, मालतीची शिवणाची पेटीसुद्धा उपसली. काही सापडेना.

"सरी, ठीक आहे! आता एकेकाचा फ्यूज काढतो. ज्याच्या फ्यूजला चकती थांबेल, तो चोर. आणि वायरी आजच कापणार."

सगळं वठार मीटरपाशी गोळा झालं. मालतीने माझा दंड घट्ट धरला. एकेक फ्यूज निघत गेला. तुळसाक्कांचा निघाला, आमचा निघाला, शेवटच्या खोलीचाही निघाला. चकती आपली गरगर फिरतेच आहे.

"अण्णा, आता कुणाचा राहिला?" तुळसाक्कांनी विचारलं.

तेवढ्यात माडीवरून हाक आली, "अहो, पाणी तापलं. या आंघोळीला."

आणि चकती थांबली.