तारप्याकडे तोंड

"तोंड इकडे कर. पाहुण्यांना कुणी पाठ दाखवतं का?"

असं म्हणत भाऊंनी माझे दोन्ही खांदे धरले आणि मला फिरवलं. भर मैदानात. समोर मांडवात खुर्चीवर मंत्री, मंत्र्यांच्या शेजारी शेट, मागं सगळे साहेबलोक. आणि मैदानावर आमच्या पाड्याची माणसं नाचाला उभी. परक्या बाईच्या अंगाला हात लावतोय, हे भाऊंच्या मनातसुद्धा आलं नाही. बाजारात बैल फिरवून दाखवतात, तशी मला फिरवली. मंत्री हसले. ते हसले म्हणून भाऊही हसले.

शेटनं हात लावला असता तर मला एवढं लागलं नसतं. शेट तसाच होता, त्याच्याकडून दुसरं काही मिळणारच नव्हतं. पण हे भाऊ होते.

हे भाऊ कोण, ते आधी सांगते.

मी लहान होते तेव्हा आमच्याकडं वेठ होती. वेठ म्हणजे जमीनदार शेटकडे फुकट राबणं. शेटचा माणूस पाड्यावर येऊन हाळी द्यायचा, घरटी एक माणूस. आधी शेटचं शेत लावायचं, मग आपलं. आधी शेटचं भात कापायचं, शेटचं गवत कापून वखारीत रचायचं, तोवर आमचं भात शेतातच झडून जायचं. आम्ही वारली, शेटच्या लेखी वारल्याचं भात झडलं काय न् राहिलं काय. नाही म्हटलं की झाडाला बांधून मार. माझ्या आयच्या पाठीवर वळ होते. ती ओहळावर अंग धुवायला बसली की मी त्यांवरून बोट फिरवायची. 

तेव्हा भाऊ आले. शहरातले, शिकलेले. मळका सदरा, खांद्याला झोळी, पायात धड चप्पल नाही. पोलीस मागावर होते म्हणून आमच्या झोपडीत लपून राहायचे. आय त्यांना नागलीची भाकर द्यायची आणि आम्ही पेजेवर भागवायचो. त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. भाऊ सगळ्यांना जवळ बसवायचे, म्हाताऱ्यांना, बायांना, पोरांना, आणि एकच वाक्य म्हणून घ्यायचे. वेठ करणार नाय. मला मांडीवर बसवून म्हणायला लावायचे. माझा आवाज बारीक निघाला की म्हणायचे, गळ्यातून नको, पोटातून काढ. तुमच्या अंगाला हात लावायचा हक्क कुणाच्या बापाला नाही, असंही सांगायचे. हे सगळं मला त्यांनीच शिकवलं, दुसऱ्या कुणी नाही.

मग एके वर्षी पाड्यांनी खरंच वेठ केली नाही. माणसं मार खाऊन आली, तुरुंगात जाऊन आली. पण वेठ गेली.

त्या वर्षी नवा भात खाल्ला आणि आमच्या खळ्यावर तारपा वाजला. तारपा म्हणजे वाळला भोपळा आणि बांबू जोडून केलेलं लांब वाद्य, फुंकणाऱ्याचा दम काढतं. आमच्या पाड्यात ते माझे बाबा वाजवायचे. वाजवणारा मधे, आणि बाकीच्यांनी एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फेर धरायचा. तो चालेल तिकडे फेर चालतो. आणि नाचताना तारप्याला पाठ दाखवायची नाही. आमची रीत आहे ती. राजा येवो का देव येवो, तोंड तारप्याकडे. त्या दिवशी भाऊ आमच्या फेरात नाचले. चुकून त्यांचं तोंड बाहेर झालं, तर बाबांनी वाजवणंच थांबवलं. भाऊंनी सगळ्यांसमोर कान पकडले, चुकलो म्हणाले, आणि तारप्याकडे तोंड करून पुन्हा नाचले. पाडा काय हसला होता तेव्हा.

म्हणजे त्यांना माहीत होतं. न समजता केलं असं म्हणायला जागा नाही.

पुढं आपलं राज्य आलं. भाऊंचं बस्तान बसलं. पंचायत समिती निघाली आणि भाऊ तिचे सभापती झाले. पालघरला पक्कं घर, दारात जीप. माझं लग्न झालं होतं, सासर त्याच पाड्यात. बाबा येईल त्याला सांगत सुटायचे, आपला माणूस खुर्चीवर बसला. आपला माणूस. हा शब्द त्यांच्या तोंडात फार गोड वाटायचा.

मग भाऊ रस्ता घेऊन आले. पाड्यापासून बोईसरच्या सडकेपर्यंत रस्ता करायचा म्हणाले. तुमचाच रस्ता, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला तुमच्याच कामाला येईल. मजुरी नाही, श्रमदान. देशासाठी. घरटी एक माणूस.

घरटी एक माणूस. वेठीची हाळी हीच होती.

भात पिकून उभं होतं. तिकडे तारापूरच्या बाजूला मोठं बांधकाम निघालेलं. बाहेरून आलेले मजूर हिंदी बोलत बोईसरच्या बाजारात हिंडायचे, त्यांना रोजच्या रोज मजुरी मिळायची. आमच्यातले काही तिकडे जायला निघाले, तर बाबांनीच अडवलं. म्हणाले, भाऊंचा शब्द हाय. मग आम्ही डोक्यावर मुरूम वाहिला. बायांनी कडेवर पोरं घेऊन दगड फोडले. सडकेपासून सुरू झालेला रस्ता पाड्याकडे यायला लागला. ऐनाच्या झाडापर्यंत आला आणि तिथून वळला. शेटच्या नव्या वखारीकडे. वखारीच्या दारात जाऊन थांबला. त्या वखारीत भाऊंच्या मेहुण्याची भागी होती, हे बाजारातल्या केळीवाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

मी बाबांना म्हटलं, रस्ता झाला का शेटचं दार झालं? बाबा म्हणाले, भाऊ करतील पुढं, धीर धर. आमचं भात झडायला लागलं होतं. बाबांना ते दिसत होतं, मला त्यांचा रागही येत होता आणि कीवही येत होती.

त्यात निरोप आला. रस्त्याचं उद्घाटन आहे, मंत्री येणार, तारपा घेऊन या. आणि आम्ही गेलो. बाबांनी तारप्याला नवं मेण लावलं होतं.

तिथं मैदानात मला फिरवलं. वखारीच्या मागचंच मैदान. बाबांना मांडवाच्या कोपऱ्याशी बसून वाजवायला सांगितलं, खुर्च्यांच्या आड येतोस म्हणून. आणि आम्ही एका ओळीत, मंत्र्यांकडे तोंड करून नाचायचं. बाबा खाली मान घालून बसले. मी वळले, तोंड बाबांकडे केलं. भाऊंनी मला पुन्हा फिरवलं. या वेळी हसले नाहीत. बोटं रुतली खांद्यात.

मी म्हटलं, "भाऊ, तुमी नाचलेत आमच्यात. तारप्याला पाठ करत नाय, तुमाला ठाव हाय."

ते माझ्या कानाशी वाकले. मंत्र्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "ते दिवस गेले आता. गुमान नाच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. उचलून बाजूला केला, आणि पुन्हा वळले. माझ्या कमरेत एका बाजूनं माझ्या जावेचा हात होता, दुसऱ्या बाजूनं शेजारणीचा. मला वाटलं हात सुटतील. सुटले नाहीत. जाऊ वळली, शेजारीण वळली, मग सगळी ओळच वळली. मांडवाकडे आमच्या पाठी झाल्या. मागून कुणीतरी ओरडत होतं, आम्ही बघितलं नाही. आमच्या समोर बाबा होते, मान खाली घातलेले.

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागं उभ्या भाऊंकडे.  मग उठले, तारपा तोंडाला लावला आणि वाजवत चालायला लागले. मांडवाकडे नाही, मैदानाच्या बाहेर. तारपा जाईल तिकडे फेर जातो. आम्ही नाचतच निघालो, त्याच रस्त्यावरून, आमच्या मुरुमावरून. ऐनाच्या झाडाशी रस्ता सडकेकडे वळतो, तिथून बांधाबांधानं पाड्यावर. वाटेत बाबा वाजवायचे थांबले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गाल फुगलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हाळी आली. वखारीचं आवार सपाट करायचं आहे, घरटी एक माणूस. कुणी गेलं नाही. सगळा पाडा विळे घेऊन आपापल्या शेतात उतरला. उरलंसुरलं भात तरी घरी आणायचं होतं.

मग भाऊ स्वतः आले. जीप ऐनाच्या झाडाशी ठेवून, चिखलातून चपला सांभाळत बांधावर आले. बाबांशी बोलायला लागले. माझी मान खाली घातलीत, म्हणाले. मी तुमच्यासाठी काय नाही केलं, म्हणाले. मग आवाज चढवला, पोलीस पाठवीन म्हणाले. बाबा भात कापत राहिले.  भाऊ वळून माझ्याकडे आले.

"तू शिकवलंस ना यांना हे?"

मी विळा हातात घेऊन उभी राहिले. म्हटलं, "मी नाय. तुमी शिकवलंत. वेठ करणार नाय."

पोटातून काढला आवाज. शेजारच्या शेतापर्यंत गेला. त्या शेतातूनही तेच आलं, आणि त्याच्या पलीकडूनही.  भाऊ चपला हातात घेऊन परत गेले.

संध्याकाळी पोलिसांनी बाबांना नेलं. दंगा केला म्हणे. झोपडीत शिरून तारपा पायाखाली घातला. बाबा परत आले तेव्हा बरगडी मोडलेली होती. त्यानंतर त्यांच्या छातीत तारपा फुंकायचा दम कधी आला नाही. ते गेले तेही न वाजवताच. भाऊ आणखी मोठे झाले. ऐनाच्या झाडापुढं रस्ता काही आमच्या पाड्यापर्यंत आला नाही.

मी मात्र त्या माणसाला भाऊ म्हणणं सोडलं. इथं सांगायला दुसरं नाव नाही म्हणून म्हणाले तेवढंच.

अजूनही झोळ्या घेऊन माणसं येतात आमच्या दारात. गोड बोलतात. मी पाणी देते, भाकर असेल तर भाकर देते. पण मांडीवर पोरगं घेऊ देत नाही. आमच्या पोरांना ते वाक्य मीच शिकवते. वेठ म्हणा, श्रमदान म्हणा, उद्या आणखी काही नाव काढा. घरटी एक माणूस मागायला आलात, की या दारातून कुणी येणार नाही. पोलीस आणा. मी आता भीत नाही.

आणि तोंड कुणाकडे करायचं, पाठ कुणाला दाखवायची, ते आमचं आमी ठरवणार.