अवलियाचा गुडघा

बॉक्सिंग क्लबमधला इजिप्शियन मालिशवाला यूसुफ इथे आखातात, फरवानियातल्या आमच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, कुणाला तरी इंजेक्शन हवं असणार. नर्सच्या दाराशी माणसं बहुधा त्यासाठीच येतात. तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि म्हणाला, "सिस्टर, एव्हेलिओ खलास." सुटीवर स्पेनला बहिणीकडे गेला होता, तिथे झोपेतच हृदय बंद पडलं. बहिणीचा क्लबात फोन आला होता, तिच्याकडे तोच जुना नंबर होता. मी यूसुफला आत बसवलं, चहा दिला. आणि खरं सांगायचं तर, पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं... आता तो प्रकार पुन्हा बघावा लागणार नाही, असं. त्या क्षणाची लाज अजून जात नाही.

एव्हेलिओ मूळचा क्यूबाचा. बापाचं आयुष्य उसाच्या फडात गेलं, हा मुठींच्या जोरावर बाहेर पडला. पैसे घेऊन मुष्टियुद्ध खेळायला त्याच्या देशात बंदी आली तेव्हा तो पोरसवदा होता. आधी मेक्सिको, मग स्पेन, आणि पुढची सगळी तरुण वर्षं युरोपातल्या गावोगावच्या रिंगणांत गेली. चॅम्पियन तो कधीच झाला नाही. परक्या गावात जायचं, तिथल्या लाडक्या पोराला घाम फोडायचा आणि पंचाने शेवटी त्या पोराचा हात वर केला की आपण टाळ्या वाजवायच्या, हा त्याचा धंदा. "मी हरायचो फार चांगला," असं तो ऐटीत सांगायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर इथल्या एका क्लबाने मुलांना शिकवायला त्याला आणलं आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आला. आमचे हे कराडकडचे, शुऐबाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात फिटर, तरुणपणी तालमीत वाढलेले. यांच्या जिभेला एव्हेलिओ वळेना, म्हणून पहिल्याच दिवशी यांनी त्याचा अवलिया करून टाकला. मी अर्थ समजावून सांगितला तर स्वारी पगारवाढ मिळाल्यासारखी खूश! यांचं हिंदी आणि त्याचं इंग्रजी यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, तरी दोघे तासन् तास बोलत. एकदा गावाहून आलेल्या गुळाचा खडा मी त्याच्या हातावर ठेवला. तो तोंडात टाकला आणि हा बाबा मटकन खाली बसला. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात तसाच गूळ असायचा म्हणे. त्या दिवसापासून तो आमच्या घरचाच झाला.

हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाची सहल जहऱ्याजवळच्या एका मळ्यात जायची. एका वर्षी पुलावानंतर कुणीतरी पिल्लू सोडलं, पैलवान भारी की बॉक्सर? झालं. पाहुणा म्हणून आलेल्या अवलियासकट सगळे उठले, वाळूत गोल धरला, हिशेबनीस देशपांड्यांना पंच केलं. त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. अवलिया उघड्या तळव्यांनी यांच्या गालावर टपल्या मारत हसत नाचत होता. यांनी मुसंडी मारून डोकं त्याच्या पोटात घातलं. त्याला धाप लागली, त्याने एक गुडघा वाळूत टेकला आणि हसत हसत देशपांड्यांकडे पाहिलं. आमच्याकडे पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती संपत नाही आणि गुडघ्यावर आलेला गडी म्हणजे चालून आलेली संधी. यांनी काखेतून हात घातला आणि त्याला उलथा केला. चितपट! पोरांनी यांना खांद्यावर घेतलं. मीही शिट्टी वाजवायची बाकी ठेवली होती.

त्याचा खांदा निखळला होता. माझ्याच वॉर्डात डॉक्टरांनी तो बसवला, तेव्हा त्याचा दुसरा हात मी धरला होता. कळ ओसरल्यावर तो म्हणाला, "सिस्टर, आमच्यात गुडघा टेकलेल्याला हात लावत नाहीत. पंच दहा आकडे मोजतो, तेवढा वेळ समोरच्याने लांब कोपऱ्यात जायचं. सगळ्या आयुष्यात मला तेवढीच सुट्टी मिळाली. आपण कुणाच्या घरी आहोत हे मी विसरलो, चूक माझीच."

मी म्हटलं, "मी यांना सांगते."

"अजिबात नाही. शंकर किती आनंदात आहे बघ! जुनं दुखणं होतं, असं सांग."

मी तसंच सांगितलं. यांना किती सहज पटलं! तो हात मात्र पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. मुलांचे ठोसे झेलायला दोन्ही हात लागतात. क्लबाने आधी त्याला सामानाच्या खोलीत बसवलं, मग करार संपल्यावर नमस्कार केला. उरलेली वर्षं त्याने एका गोदामाच्या फाटकावर काढली. आणि आमच्याकडे चार माणसं जमली की हमखास फर्माईश व्हायची, "शंकरराव, तो किस्सा होऊन जाऊ दे!" हे सांगायला लागले की अवलिया आपण होऊन गालिच्यावर गुडघा टेकायचा, देशपांड्यांकडे बघितल्यासारखं करायचा आणि यांनी नुसता हात लावला की आडवा व्हायचा. लोक हसून लोळायचे. मीही हसायचे, यांना संशय नको म्हणून. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहायचे. आपण एका माणसाची रोजीरोटी मोडली आणि आपल्याच घरात त्यालाच त्याचा तमाशा करायला लावतो आहोत, हे मला दर वेळी कळत होतं, आणि दर वेळी मी पुऱ्या तळायला घेत होते.

यूसुफ परत गेल्यावर हे कामावरून आले. जेवायला बसायच्या आधीच मी सांगितलं, आधी अवलिया गेल्याचं आणि मग दुसरंही. "अहो, त्याने गुडघा टेकला होता तेव्हा खेळ थांबला होता. त्यांच्यात तसं असतं."

यांनी हातातल्या रुमालाची घडी केली. मग म्हणाले, "मला ठाव हाय."

"कधीपासून?"

"लई वर्सं झाली. कंपनीच्या मेसमधी टीव्हीवर बॉक्सिंग लागलं व्हतं. एकानं गुडघा टेकला आन् पंचानं दुसऱ्याला पार कोपऱ्यात हाकललं... जेवान तसंच टाकून घरला आलो. तसाच वर गेलो, पाय धरलं त्याचं. म्हणलं, आता सगळ्यांफुडं खरं सांगतो. तर म्हणाला, सिस्टरला कळता कामा नये, तिला तुझा लई अभिमान हाय." रुमाल बाजूला ठेवून म्हणाले, "आन् तू किती हसायचीस गं..."

आम्ही दोघे भरलेल्या ताटांसमोर मान खाली घालून बसलो. एकमेकांकडे बघायची सोय राहिली नव्हती.

परवाच्या शुक्रवारी आमच्याच हॉलमध्ये मंडळाची शोकसभा झाली. दोन-तीन भाषणं झाल्यावर कुणीतरी हळूच म्हणालं, "शंकरराव, त्याच्या आठवणीसाठी तरी तो किस्सा..." हे उठले. त्याबरोबर सगळ्यांनी सवयीने खुर्च्या मागे ओढल्या आणि गालिचा मधोमध मोकळा झाला. यांनी सगळं खरं सांगितलं, गुडघ्याचं, खांद्याचं, नोकरीचं. आणि लोक हसले! त्यांना वाटलं, या खेपेला किस्सा नव्या ढंगात आहे. हे म्हणत होते, "अरे, खरं सांगतोय," तसतसं हसू वाढत गेलं. शेवटी टाळ्या पडल्या. हे खाली बसले. मला उठून काही बोलता आलं असतं. मी पानं वाढायला उठले. खुर्च्या अजून तशाच मागे होत्या, मधला गालिचा रिकामा होता, स्वयंपाकघराची वाट त्याच्यावरूनच जाते. मला त्यावर पाऊल टाकवेना. हातात वाडगं घेऊन मी भिंतीच्या कडेकडेने गेले.