दिसतंय की, ताई!

"दिसतंय की सगळं, ताई!" यंत्रावर हनुवटी टेकवण्याआधी काकांचं हे वाक्य ठरलेलं. वर भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ न विचारताच म्हणून दाखवायचे. ती त्यांना पाठ आहे हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही.

अंबरनाथच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी तपासणीचं काम करत असे. काका बदलापूरहून येत. मोरिवलीच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. शर्ट कायम इस्त्रीचा. मधुमेहाने एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याच्या पडद्याला सूज आली, तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यातच स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. सूज उतरली, काका पुन्हा पेपर वाचू लागले. त्या आनंदात त्यांनी दवाखानाभर पेढे वाटले. "मी एकही खाल्ला नाही हं," असं वर सांगितलं. मिशीला खवा लागला होता.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "या औषधाने डोळ्याचा दाब वाढू शकतो. दुखणार नाही, कळणारही नाही. मोजायला येत राहायचं."

पुढच्या खेपेला दाब वाढलेला निघाला. थेंब सुरू केले, लवकर परत बोलावलं. काका आले नाहीत. मी फोन केला, तर काकूंना अर्धांगाचा झटका आलेला. उजवी बाजू लुळी, बोलणं तुटक. मूलबाळ नव्हतं.

"शेजारी कुणाला तरी बसवा आणि तासाभरासाठी या," मी म्हटलं.

"ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही हो. आणि मला दिसतंय की, ताई!"

पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. थेंबांची बाटलीही केव्हाच संपली होती. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. घरातल्या दुखण्यापुढे स्वतःचं दुखणं सांगायची त्यांना लाज वाटते.

दिवाळीच्या सुमारास काका आले, शेजाऱ्याचा खांदा धरून. "समोरचं तेवढं दिसतं. बाजूचं काही राहिलं नाही."

दाब मोजला. आकडा बघून पुन्हा मोजला. डॉक्टरांनी त्याच दिवशी मुंबईला पाठवलं, ऑपरेशन झालं, दाब उतरलाही. पण डोळ्यामागची नस सुकली होती. उरलीसुरली नजरही टिकली नाही. डॉक्टरांनी ते सांगितलं, तेव्हा काका एवढंच म्हणाले, "हिला भरवायचं कसं?"

आज दोघंही नाहीत. मला आठवते ती त्यांच्या घरची एक दुपार. मी भेटायला गेले, तर दार उघडंच होतं. काका पलंगाच्या कडेला बसलेले, हातात मऊ भाताची वाटी. चमचा काकूंच्या गालावर टेकला. काकूंनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि ओठांपर्यंत आणलं.

"गरम नाही ना गं?" काकांनी विचारलं.

काकूंनी मान हलवली. काका तसेच थांबून राहिले. तेव्हा काकूंच्या लक्षात आलं. सगळा जीव गोळा करून त्या म्हणाल्या, "ना...ही."