झेंडूखालचं घड्याळ

चूक माझी होती, हे आधीच लिहितो... म्हणजे पुढचं वाचून कुणी ती भुताखेतांवर ढकलणार नाही. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांचा माणूस, असल्या गोष्टी कायम हसण्यावारी नेल्या.

खालापूर तालुक्यात आमचा कारखाना आहे. काम संरक्षण खात्याचं, त्यामुळे मोबाईल, स्मार्टवॉच, इअरबड — सगळं गेटवरच्या लॉकरमध्ये. पण खंडेनवमीला आम्ही टेस्टिंग रूममधल्या यंत्रांची पूजा करतो. मुलीने दिलेलं नवं स्मार्टवॉचही पूजेत ठेवावं, असं माझ्या मनात आलं.

गेटवर वॉचमन रघूदादा होते. "साहेब, ते आत नाय न्यायचं."

"अहो, हळदकुंकू लावून लगेच आणतो. बंदच आहे."

"देवाला टायम बघायचाय काय?" ते हसले. "जावा. पन आठवणीनं आना."

मी विसरलो. सुट्टीभर घड्याळ तिथेच झेंडूखाली राहिलं... आणि ते बंदही नव्हतं. दसऱ्यानंतर कामावर गेल्यागेल्या मी ते गुपचूप खिशात घातलं. पण सिक्युरिटीच्या तपासणीत निघालंच — सुट्टीत त्या खोलीतून कुठलंतरी बाहेरचं उपकरण सिग्नल देत होतं. चौकशीत माझ्यासमोरच रघूदादांना विचारलं, "काय आत सोडलंत? कुणाचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. त्यांना कामावरून काढलं.

घड्याळ मी घरी कपाटात टाकलं, पुन्हा चार्जही केलं नाही. दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी मोबाईलवर मेसेज आला — तुमचं घड्याळ सापडलं आहे. नकाशावर ठिपका कळंब गावाच्या पुढे. कपाट उघडलं तर घड्याळ जागेवरच, बंद पडलेलं, कडेला हळद सुकलेली. मोबाईल रीस्टार्ट केला. ठिपका हलेना.

"फोन बिघडलाय, दुसरं काय," बायको म्हणाली. मला मात्र घरात बसवेना. स्कूटर काढली. कळंब मागे पडलं, डांबर संपलं, आणि ठिपका होता तिथे एक घर आलं. ओट्यावर रघूदादा बसले होते. त्यांचं गाव कुठलं, हे मला ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

"साहेब? घर कुनी दाखवलं?"

मी मोबाईल पुढे केला. ठिपका गेला होता.

पुढे सॉफ्टवेअरमधल्या भाच्याला विचारलं. लोकेशन चुकतं कधीकधी, म्हणाला. चुकून नेमकं त्याच ओट्यावर?

त्या सकाळी मात्र मी एवढंच विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमी सांगाल, असं वाटलं."

मी चपला काढून त्यांच्यासमोर खाली बसलो. "रघूदादा, मी घाबरलो. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. उद्या माझ्याबरोबर चला, तुमच्यासमोर कारखान्याच्या मोठ्या साहेबांना सांगतो, घड्याळ माझं होतं. मला माफ करा."